चार अंगुळं खाली

४ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन केला की तू म्हणतोस, "मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो." तुझं ते नंतर काही अजून उजाडलेलं नाही. म्हणून पत्र. पत्र मधेच कट करता येत नाही. फाडता येतं, पण तेवढेही कष्ट तू घ्यायचा नाहीस, मी ओळखून आहे तुला.

बातमी अशी की हत्तीण पाण्यात गेली.

हो, आपलीच हत्तीण. आपण शाळेत होतो तेव्हापासून बाबा यार्डात जी बोट बांधतायत ती. जिला तू मागच्या खेपेला चारचौघांसमोर "तरंगतं कपाट" म्हणालास, आणि त्या दिवसापासून बाबांनी तुझं नाव घेणं सोडलं, तीच. तेव्हा तर ती तरंगतही नव्हती, लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. पण तुझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच.

यार्डवाल्याने जागा विकली. त्याने सगळ्यांना नोटीस दिली: ज्याची बोट तरंगते त्याने ती पाण्यात न्यावी, ज्याची तरंगत नाही त्याने तिचं सरपण करावं. बाबांचं आपलं दर वर्षी चालूच होतं, "यंदा एवढं एक काम उरलंय." कधी आतल्या कपाटाला कप्पे, कधी कप्प्यांना कड्या, कधी शेगडीला पितळेचा कठडा. यार्डवाल्याच्या एका कागदाने सगळी उरलेली कामं एका दिवसात संपली.

क्रेनवाल्याने पोटाखालून पट्टे घातले, उचलायला लागला, आणि क्रेनचा आवाजच बदलला. तो खाली उतरून आला आणि म्हणाला, "काका, आत काय भरलंय?" बाबा म्हणाले, "बोट आहे." तो बिचारा परत वर चढला.

आता ती पाण्यात कशी बसायला हवी हे तुला मी सांगायला नको. पाणरेघ तूच काढलेली. कॉलेजच्या सुट्टीत आला होतास, ओळंबा आणि दोरी घेऊन दिवसभर तिच्याभोवती फिरलास, कागदावर हिशेब मांडलास आणि ऐटीत सांगितलंस, पाणी बरोबर इथे येईल. बाबांनी ती रेघ नुसती रंगवली नाही. पटाशीने फळ्यांमध्ये कोरली, म्हणजे रंग खरवडला तरी हरवायला नको. रेघेच्या वर पांढरा रंग, रेघेखाली लाल. यार्डात कोणी काही कामाने आलं की आधी रेघ दाखवायचे, मग कामाचं विचारायचे. "ही आमच्या पोराने काढली."

तर ती पाण्यात टेकली, आणि रेघ पाण्याखाली गेली. चार अंगुळं. पुढून चार, मागून चार, दोन्ही बाजूंनी चार. वाकडी नाही, तिरपी नाही, अगदी सरळ बसली, फक्त खोल. लाल रंग दिसेनाच कुठे.

धक्क्यावर सगळे हसले. वाईट मनाने नाही हसले. यार्डवाला म्हणाला, "काका, रेघ वर घ्या. लांबच्या प्रवासाच्या बोटी ज्यांच्या ज्यांच्या आहेत ते सगळे घेतात. वय झालं की पट्ट्याचं भोक माणूसही बदलतो." बाबा हसले नाहीत. पाण्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "रेघ बरोबर आहे. बोट चुकली."

घरी येऊन जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, भूक नाही. मी सांगितलं, अहो बाबा, रंगाचा एक डबा आणि एक दिवसाचं काम. तर म्हणाले, "तुला यातलं कळत नाही." बरोबर आहे, मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. बोटींचं शिक्षण तुझं झालंय, आणि ते कोणी करवलं हे मी काढत बसत नाही.

तेव्हा कृपा कर आणि एक ओळ लिही. रेघ वर घेतली तर चालतं, एवढंच. ती बाबांच्या नावाने लिही. तुला जड जात असेल तर माझ्या नावाने लिही, मी वाचून दाखवीन.

तुम्हा दोघांच्या मधे सापडलेली,
ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र मिळालं. दोन पानं. मी विचारलं काय आणि तू लिहिलंस काय. मी म्हटलं पाणी दे, तू मला विहीर कशी खणतात ते सांगितलंस.

लांबीच्या मानाने वजन किती असावं, तिचं किती आहे, जगात आता कोणी एवढं वजन ठेवत नाही, सगळं वाचलं. तू लिहितोस की तिची कील, म्हणजे ती पोटाखालची लांब पाती, पुढच्या टोकापासून थेट सुकाणूपर्यंत गेली आहे, म्हणून ती वळायला उशीर लावते. लावते. परवा धक्क्यावरून मागे घ्यायची होती, तर ती स्वतःच्या मनाने जिकडे जायचं तिकडे गेली, आणि शेजारच्या डॉक्टरांच्या बोटीवर तिच्या फळीची खूण उठली. तू लिहितोस की तिचं मागचं टोकही पुढच्यासारखंच निमुळतं आहे, म्हणून आत जागा वाया जाते. जाते. हलक्या वाऱ्यात ती जागची हलत नाही, असंही लिहिलंयस. नाही हलत. अरे, पण यातलं मला नवीन काय? मी तिच्या सावलीत अभ्यास करून दहावी झाले.

तू न लिहिलेलं मी सांगते. धक्क्यावरून प्रवाशांची मोठी लाँच गेली की तिच्या लाटांनी आजूबाजूच्या सगळ्या हलक्या बोटी थयथयाट करतात, दोऱ्या ताणतात, आत भांडी पडतात. आपली हत्तीण आधी नुसतं ऐकून घेते. मग एकदा खाली जाते, एकदा वर येते, आणि झालं. चहाचा भरलेला कप मी स्वतः टेबलावर ठेवून पाहिला, एक थेंब सांडला नाही. डॉक्टरीणबाई आपल्या बोटीतून हातात फुटकी बशी घेऊन बघत होत्या. बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी आईच्या पश्चात पहिल्यांदा पाहिलं. हे मोजायला तुझ्याकडे एखादं सूत्र असेल तर पुढच्या पत्रात पाठव.

पण ते सुख दोन दिवसांचं. बाबांनी आता बोट रिकामी करायला घेतली आहे.

बिडाची शेगडी काढली. जिच्यासाठी फाउंड्रीत स्वतः साचा केला होता, ती. कामाचं बाक काढलं, त्याच्यावरचा लाकूड पकडायचा वाईस काढला. दुसरा नांगर, तिसरा नांगर, अर्धी साखळी. सागवानी कप्पे तर असे उपटले की माझ्याच्याने बघवेना. एकेक वस्तू हातगाडीवर घालून घरी आणतात आणि परत जाऊन घडीच्या फूटपट्टीने रेघ पाण्यापासून किती राहिली ते मोजतात. घरात आता चालायला जागा नाही. शेगडी स्वयंपाकघराच्या दारात आहे, बाक बैठकीत, आणि एक नांगर तुझ्या खोलीत, तुझ्या पलंगाखाली. काल माझा अंगठा त्याच्यावर आपटला आणि मी तुझ्या नावाने काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मी विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, "तो म्हणाला कपाट. मग कपाट रिकामं करतो. रेघेवर आली की मग बघू, बोट आहे की काय आहे ते."

आता नीट ऐक. हसण्यावारी नेण्यासारखं असतं तर मी कागद वाया घालवला नसता. इतकं सगळं काढून ती अर्धीच वर आली आहे. बाहेर काढायला आता उरलंय काय? आतल्या फळ्या उचलल्या की तळाशी लोखंडाच्या लाद्या रचलेल्या आहेत, त्या. बाबांचा डोळा त्यांच्यावर आहे. काल फळी उघडून बराच वेळ बसले होते. ते वजन तळाशी का असतं हे मलाही कळतं. ढकललं की परत उभी राहणारी बाहुली आपण दोघांनी खेळलेली आहे. ते काढलं तर बोट आडवी होईल, आणि बाबा तर सगळ्यांना सांगून बसलेत की वारे स्थिरावले की दीपगृहाच्या बेटापर्यंत जाऊन येणार. उघड्या समुद्रातून. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, जवळचं धड दिसत नाही. मी बरोबर जाणार आहे, कारण एकट्याला सोडायला मी तुझ्यासारखी हुशार नाही.

यार्डवाल्याचं ते ऐकत नाहीत. माझं ऐकत नाहीत. ऐकतील तर ज्याने रेघ काढली त्याचं. तेव्हा सूत्रं राहू देत. एक ओळ.

ताई


२ मार्च

धाकट्या,

आज त्यांनी लाद्या काढायला सुरुवात केली. मी धक्क्यावर उभं राहून आरडाओरडा केला, लोक जमा झाले. ते म्हणाले, "तुझ्या भावाच्या हिशेबात बसवतोय." आणि पुढची लादी उचलली.

तुला फोन लावला. कोणीतरी गोड आवाजात सांगितलं की तू शर्यतीच्या बोटीची चाचणी घ्यायला गेला आहेस. तुझी बोट तरंगो. आमचं काय ते लवकर लिही.

ताई


११ मार्च

धाकट्या,

हे पत्र मी डाव्या कोपराने दाबून धरून उजव्याने लिहिते आहे. डावा मनगटापासून सुजलाय, दोरीने सोलला. कसा, ते सांगते.

आधी हे समज की लाद्या जागेवर होत्या तेव्हा आम्ही तिला एकदा शिडं लावून फिरवून आणली होती. वारा आला की ती लगेच थोडी कलायची. पहिल्यांदा तर मी दोन्ही हातांनी कठडाच धरला, म्हटलं गेलो. पण तिचं असं की थोडी कलली की एका ठिकाणी येऊन थांबते, खांदा टेकवते आणि मग कितीही वारा येवो, तशीच चालत राहते. बाबा म्हणाले होते, "तिला सुरुवातीला लवचिक ठेवलीय. शेवटी हट्टी." मी म्हटलं, घरातल्यांसारखीच झाली.

रविवारी सकाळी परत गेलो. वारा म्हणावा असा नव्हताच. शिकाऊ लोकांची छोटी होडकी आमच्याभोवती मजेत फिरत होती, त्यावरून काय ते समज. बंधाऱ्याच्या टोकाबाहेर पडलो, एक झुळूक आली, हत्तीण कलली. मी वाट बघत होते की आता थांबेल. ती थांबली नाही. कलली ती कलतच गेली. पाणी वरच्या फळीवर चढलं, आतून उरलंसुरलं सामान एका बाजूला कोसळल्याचा आवाज आला, बाबा सुकाणूच्या दांड्यावरून सुटून कठड्यावर आपटले. मी मोठ्या शिडाची दोरी सोडली. सोडली म्हणजे तीच माझ्या हातातून सुटली, कातडी घेऊन. शीड फडफडायला लागलं, आणि ती इतकी सावकाश उभी राहिली की तेवढ्या वेळात मी आईला, देवाला आणि तुला, तिघांनाही बोलून घेतलं.

बाबा उठले, टोपी शोधली, मिळाली नाही. म्हणाले, "वारा जरा जास्त होता."

धाकट्या, मी त्या वेळी बोलले नाही.  धक्क्याला बांधल्यावर मात्र तोंड सोडलं. म्हटलं, बाबा, तुम्ही त्या पोराच्या एका शब्दासाठी बुडायला निघालात, आणि मला घेऊन. ते दोरीला गाठ मारत होते. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "अजून एक अंगूळ राहिलंय."

घरी त्यांच्या खांद्याला मलम लावताना बघितलं, पाठ अर्धी काळीनिळी झाली आहे. हे त्यांनी सांगितलंही नव्हतं. तुम्ही दोघं एका साच्यातून काढलेले आहात आणि तो साचा नंतर कोणी फोडला नाही, हे आमचं दुर्दैव.

आता एक विचारते. परवा प्रयोगशाळेत एका आजोबांची कवळी परत आली. प्लास्टरच्या जबड्यावर मी स्वतः बसवून पाहिली होती, केसाचाही फरक नव्हता. आजोबांच्या तोंडात घातली, छान बसली. त्यांनी बिस्किटाचा तुकडा तोडला आणि ती उचलली गेली. आमची मोठी मॅडम नेहमीचं वाक्य म्हणाली, "प्लास्टर जेवत नाही." मी ती कवळी घासायला घेतली, आणि घासता घासता माझ्या डोक्यात आलं की तू तेव्हा नेमकं काय मोजलं होतंस?

फळ्या मोजल्यास. कील मोजलीस, लाद्या मोजल्यास, डोलकाठी, शिडं. मला आठवतंय, दोरीची वेटोळी करून काट्यावर ठेवत होतास. पण नंतर चढवलेली शेगडी, बाक, नांगर? टाक्यांतलं पाणी? महिनाभराचं खाणं? हत्यारं, अंथरुणं, कपडे? आणि माणसं? ती बोट पाण्यावर राहायला जायची म्हणून बांधली आहे. एवढं वजन आणि एवढं खोल पोट तिला कशासाठी दिलं बाबांनी? घर घालून न्यायला. हलक्या बोटीत दोन पोती टाकली तर ती बुडायला येते, हिच्यात बिऱ्हाड टाकलं तर चार अंगुळं. ही तिची चूक की तिचं काम?

तू माणसं मोजली होतीस का? हो किंवा नाही, एवढंच लिही. नाही असेल तर बाबांना तसं सांग: मी चुकलो, रेघ वर घ्या, लोखंड परत ठेवा. तुझी नोकरी जाणार नाही यात. तिकडे कोणाला कळणारही नाही. त्यांच्या हातून ती शेवटची लादी निघायच्या आत मला हे हवंय.

मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, असं म्हणणार नाही. मागितलं आहे, तू दिलं नाहीस. हे दे.

ताई


२७ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र आलं. माझ्यासाठी चिठ्ठी, आणि बाबांसाठी वेगळा कागद. पाकीट मी दारातच, उभ्याने फाडलं, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

मग मी बाबांचा कागद वाचला. "सदर हिशेब दिलेल्या स्थितीसाठी, म्हणजेच रिकाम्या बोटीसाठी, अचूक होता व आहे." सदर. बापाला पत्र लिहितोस की पाणीपट्टीची पावती? पुढे त्या स्थितीची व्याख्या, त्याखाली आकडे, त्याखाली आणखी आकडे, आणि शेवटी, "त्यामुळे रेघ चुकली असे म्हणता येणार नाही." आणि माझ्या चिठ्ठीत: "ताई, माणसं धरली नव्हती, पण तो हिशेबाचा दोष नाही."

रिकाम्या बोटीसाठी. अरे शहाण्या, रिकामी बोट कोण कुठे नेतं?

मी ते दोन्ही कागद स्वयंपाकघराच्या दारातल्या त्या बोटीच्या शेगडीवर ठेवले, आणि त्या थंड शेगडीशेजारी बसून रडले. राग आला होता म्हणून रडले, दुसरं काही नाही. बाबा आतून म्हणाले, "कोणाचं पत्र?" मी म्हटलं, तुमचं आहे. ते उठून आले. कागद हातात घेतला, लांब धरला, खिडकीशी नेला. तुझं अक्षर आधीच मुंगीएवढं, त्यात ते आकडे. माझ्याकडे परत दिला. "वाच."

मी वाचलं.

"बाबा, मी तेव्हा चुकलो. मी रिकामी बोट धरली होती. माणसं आणि सामान धरलं नव्हतं. रेघ वर घ्या आणि लोखंड परत ठेवा."

हो. तू हे लिहिलेलं नाहीस, मला माहीत आहे. मला वाचता येतं.

बाबा म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. माझ्या तोंडून शेवटी "प्लीज" निघून गेलं.

"आधी प्लीज नव्हतं."

"अक्षर बारीक आहे बाबा, सुटलं असेल."

त्यांनी कागद परत घेतला. अक्षरं दिसत नाहीत त्यांना, पण पान खालपर्यंत भरलेलं आहे हे दिसतं. म्हणाले, "एवढ्याला एवढं पान?"

"बाकी आकडे आहेत."

"असणारच." घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली. मग बराच वेळ शेगडीचा पितळेचा कठडा बोटाने पुसत राहिले. मला वाटलं आता विचारतील, आणि विचारलं असतं तर मी खरं सांगून टाकलं असतं, माझी ताकद संपली होती. ते म्हणाले, "चुकलो हा शब्द त्याला लिहिता येत नाही. माझ्यावर गेलाय. मला तरी कुठे येतो?"

 त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "चल, लाद्या भरू. एकट्याला उचलवणार नाहीत, खांदा दुखतोय."

तेव्हा आता तुझ्या वतीने मी चुकले आहे, आणि बाबांना ते ठाऊक आहे, आणि त्यांनी ते घेतलं आहे. तू यात आता पलटी मारायची नाहीस. कधी फोनवर विषय निघालाच तर "हो बाबा" म्हणायचं आणि गप्प बसायचं. तुझी ती सदर स्थिती तुझ्या कंपनीत सांग.

लाद्या भरून झाल्या. आम्ही दोघं, यार्डवाला आणि डॉक्टर, चौघांनी मिळून तीन दिवस ओढल्या. डॉक्टर म्हणाले, फळीवरच्या खुणेचं विसरलो, पण कमरेचं विसरणार नाही. शेगडी परत गेली. साखळी गेली, दुसरा नांगर गेला. तिसरा आणि वाईस घरीच राहू देत म्हणाले, ते उगीच होतं. एवढं कबूल केलं त्यांनी, लिहून ठेव.

आता नवी रेघ. बाबा म्हणाले, यावेळी हिशेब नाही करायचा. प्रवासाला निघताना जशी भरतो तशी भरायची, आणि पाणी जिथे येईल तिथे खूण करायची. टाक्या भरल्या. डाळ-तांदूळ, तेल, पीठ, सगळं आणून आत रचलं. अंथरुणं टाकली, माझी पुस्तकं ठेवली, त्यांच्या हत्यारांची पेटी ठेवली. मग म्हणाले, "बस तुझ्या जागेवर." मी बसले. ते स्वतः सुकाणूपाशी बसले. यार्डवाला छोट्या होडीतून बाहेर खडू घेऊन थांबला होता. मी म्हटलं, मार खूण. बाबा म्हणाले, "थांब."

धक्क्यावर वाळूची पोती होती. ती त्यांनी एकेक करून आत आणली आणि आतल्या तिसऱ्या बाकावर ठेवली. पलीकडच्या बाजूला, डोलकाठीजवळ, जिथे कोणीच झोपत नाही तिथे. दमले होते, तरी मला हात लावू देईनात.

"वाळू कशाला?" मी विचारलं.

"तिसरा माणूस."

मी तिसरा कोण ते विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही. एका माणसाच्या वजनाने हत्तीण केसभरही खाली जात नाही, हे त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, आणि तुला तर दशांश चिन्हासकट माहीत आहे. तरी ते एक पोतं कमी करत होते, परत चढवत होते, पट्टी घेऊन वाकून बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लग्नानंतर जरा सुटला असेल ना?"

मी म्हटलं, असेल. बसून काम करतो.

"किती?"

मी अंदाजाने एक आकडा सांगितला. ते म्हणाले, "अंदाज नको. रेघ कोरायची आहे."

तेव्हा काट्यावर उभा राहा, आणि वजन कळव. बूट काढून. येणार आहेस का, कधी येणार आहेस, ते मी विचारत नाही आणि त्यांनीही विचारलेलं नाही. आकडा तेवढा लवकर पाठव. यार्डवाला खडू धरून ताटकळलाय आणि बाबा पटाशी घेऊन धक्क्यावर बसले आहेत.

ताई